लग्नाचा बस्ता आणि वधूचा हक्क



मूलभूत हक्कांवर बोला, असे मला सांगण्यात आले आहे. घटनेच्या मोठमोठ्या कलमांवर बोलणारे विद्वान वक्ते आपणांस पुष्कळ लाभतात. मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या न्यायालयांत वकिली करणारा माणूस आहे. माझ्यापुढे येणारे हक्क बहुधा फार लहान आकाराचे असतात. ते एका लोखंडी पेटीत मावतात. एक शालू, दोनचार भारी साड्या, हळदीची पिवळी साडी, कानांतली फुले, आणि या वस्तू आपल्या होत्या हे सिद्ध करण्यासाठी धडपडणारी पंचविशीतील एखादी स्त्री. म्हणून आज मी लग्नाच्या बस्त्याविषयी बोलणार आहे. विषय बायकांचा आहे असे समजून पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. बस्त्याचे कर्ज त्यांच्याच नावावर असते.

बस्ता म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणास समजावून सांगावे लागत नाही. परंतु हे भाषण छापले जाणार आहे आणि दूरच्या वाचकांच्याही हाती पडणार आहे, म्हणून थोडे वर्णन करतो. सुपारी फुटली, याद्या झाल्या, म्हणजे लग्नापूर्वी एक दिवस धरून दोन्हीकडची मंडळी कापडाच्या दुकानात जातात. शिरूरकडचे लोक नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कापड बाजारात जातात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उतरतात. दौंडचे लोक गाडीत बसून पुणे गाठतात, नाही तर बारामतीला जातात. ऐपत बेताची असेल तर आपल्याच पेठेत काम उरकतात. एक जीप नवरदेवाकडच्यांची, एक टेम्पो नवरीकडच्यांचा. नवरदेवाची आई, आत्या, मावशी, चुलत्या, थोरली बहीण, शिवाय व्यवहार समजतो असा लौकिक असलेले एखादे मामा. दुकानदार सर्वांना गादीवर बसवितो, चहा मागवितो, दुपार झाली तर जेवूही घालतो. ते जेवण शेवटी कोणाच्या हिशेबात पडते हे मात्र कोणी विचारीत नाही.

मग साड्या उलगडू लागतात. प्रथम नवरीचा शालू, मग हळदीची साडी, मग नवरदेवाचा सूट, करवल्यांच्या साड्या, विहिणीची मानाची साडी. त्यानंतर देण्याघेण्याच्या साड्या येतात. या साड्या पाहावयाच्या नसतात, मोजावयाच्या असतात. देणाराही त्यांचे काठ पाहत नाही आणि घेणारीही ती साडी नेसत नाही. ती पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणास दिली जाते आणि अशी चार घरे हिंडून एखादे वेळी मूळ घरीही परत येते. मग टॉवेल, टोप्या, उपरणी, फेट्यांचे कापड. शेवटी गठ्ठा बांधतात, त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि बिल होते.

या सगळ्या वेळात नवरी कोठे असते? ती गादीच्या कडेला, आपल्या आईच्या मागे बसलेली असते. शालू विहिणीने पसंत केल्यावर, आत्याने त्याचा पदर बोटांत चुरून पाहिल्यावर, मामांनी किंमत पाडून घेतल्यावर तिला विचारले जाते, "आवडला ना गं?" ती मान हलविते. मी अशा काही बस्त्यांना आप्त म्हणून गेलेलो आहे आणि नाही म्हणणारी मुलगी मला अद्याप भेटावयाची आहे. सर्वांना सर्वच आवडते, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या समाजाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक बोचावी असे मला का वाटते, ते सांगतो. कापड निवडण्याचा अधिकार आपणांस फार उशिरा मिळाला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जो पेहेराव नेमून दिला आहे तो मृतांच्या अंगावरील वस्त्रांचा आहे. हे केवळ ग्रंथात राहिले असते तर आपण त्याकडे दुर्लक्ष केले असते. पण गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा हक्क म्हणून मोजला जात होता, आणि हक्क या शब्दाची याहून मोठी विटंबना मला ठाऊक नाही. महार वतन नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा कोठे त्या हक्काचे कागदोपत्री ओझे उतरले. आपल्यापैकी जे वृद्ध येथे बसले आहेत त्यांच्या आज्यांनी स्वतः पसंत केलेले नवे लुगडे आयुष्यात किती वेळा नेसले असेल, याचा विचार त्यांनीच करावा.

आपल्या या भागापुरती एक गोष्ट येथे आठवते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी पलटण कोरेगावच्या दिशेने निघाली ती शिरूरच्या छावणीतून निघाली होती. त्या लढाईविषयी आपण दरवर्षी पुष्कळ ऐकतो, बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या विजयस्तंभापाशी आले होते हेही आपण जाणतो. माझ्या मनात मात्र एक साधी गोष्ट येते. त्या पलटणीतील आपल्या पूर्वजांच्या अंगावर गणवेश होता. ते कापड मागून आणलेले नव्हते आणि मेलेल्याच्या अंगावरून उतरविलेलेही नव्हते. नोकरीच्या बळावर ते त्यांच्या अंगावर चढले होते. त्यांच्या घरातील बायकांच्या अंगावर तेव्हा काय होते, याची नोंद कोणत्याही स्तंभावर नाही.

स्त्रियांच्या वस्त्राचा प्रश्न उघडपणे हाती घेतला तो बाबासाहेबांनी महाडला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असावे. जातीची खूण म्हणून ते उंच नेसण्याची रीत सोडा. गळ्यांत आणि हातांत चांदीकथलाची जी ओझी घालता ती टाकून द्या. कोणते वस्त्र ल्यावे यावर निर्बंध घालण्याचा अधिकार कोणासही नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या सभेनंतर स्त्रियांनी लुगडे नेसण्याची तऱ्हा तिथल्या तिथे बदलली. चळवळीच्या इतिहासात तळ्याच्या पाण्याला जे स्थान आहे त्याच्या शेजारी या लुगड्यालाही जागा मिळावयास हवी होती.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल. त्यास मी कायद्याचे पुस्तक दाखवितो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली आणि जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तिच्यात एक पोटकलम आहे. अनुसूचित जातीच्या माणसास सार्वजनिक जागी पादत्राणे घालण्यास किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. नवे कपडे! प्रजासत्ताकाची साठ-पासष्ट वर्षे उलटल्यावर संसदेला हे दोन शब्द कायद्यात घालावे लागले. देशात कोठे तरी नव्या कपड्यांसाठी माणसे मार खात होती, म्हणूनच ते घातले गेले.

ज्या वस्त्रासाठी बाहेरच्यांशी इतकी झुंज द्यावी लागली, ते वस्त्र घरच्या मुलीला तिच्याच लग्नात निवडता येऊ नये, ही विसंगती आपणांस दिसत नाही काय?

आता पांढऱ्या साडीकडे येतो. बौद्ध विवाहात वधूवरांनी शुभ्र वस्त्रे नेसावीत, ही प्रथा कोठून आली असे तरुण मंडळी विचारतात. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी कर्डक यांना एक पत्र लिहिले. बौद्ध विवाहविधी कसा असावा हे त्यात सांगितले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले मातीचे नवे मडके ठेवावे, त्यात सुताचा धागा सोडून त्याचे एकेक टोक दोघांनी हाती धरावे, कोणी मंगल सुत्त म्हणावे, आणि दोघांनीही पांढरी वस्त्रे परिधान करावीत. दोन दिवसांनी ज्यांचे निधन होणार होते त्यांनी आपल्या मुलीबाळींच्या लग्नातील मडके, धागा आणि साडी यांचा विचार केला होता. एका मडक्याची, एका धाग्याची आणि दोन पांढऱ्या वस्त्रांची किंमत करून पाहा. एखादा मजूर आठवड्याच्या कमाईत मुलीचे लग्न करू शकेल असा तो विधी आहे.

या पांढऱ्या रंगाविरुद्ध घरोघरी एक कुरकुर चाललेली असते. "पोरीला पांढऱ्यात कशी उभी करू?" असे आजी म्हणते. आपल्या भाषेत पांढऱ्या कपाळाची म्हटले की कोण ते सांगावे लागत नाही, आणि आजीची भीती तेथूनच येते. तिला हसू नये; तिला समजावून सांगावे. पाली वाङ्मयात गृहस्थ उपासकांस ओदातवसन, म्हणजे शुभ्र वस्त्रे नेसणारे, असे म्हटले आहे. ज्या नागपूरच्या मैदानावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोक जमले ते शुभ्र वस्त्रांत जमले, आणि त्यांत सौभाग्यवती होत्या, कुमारिका होत्या, विधवाही होत्या. कोण कोणती हे वस्त्रावरून ओळखू येत नव्हते. मला त्या दृश्यातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिकडे इंग्लंडात १८४० साली राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या पोशाखात लग्नाला उभी राहिली आणि तेव्हापासून युरोपात पांढरा हा वधूचाच रंग होऊन बसला. म्हणजे अपशकुन रंगात नसतो. तो पाहणाऱ्यांच्या सवयीत असतो.

परंतु आज घडते काय? विधीपुरती पांढरी साडी येते. बौद्धाचार्य त्रिशरण पंचशील देतात, टाळ्या पडतात, फुले पडतात, आणि अर्ध्या तासाने वधू आत जाऊन शालू नेसून येते. आदल्या दिवशी हळदीची साडी झालेली असतेच. संध्याकाळी स्वागत समारंभ असेल तर घागरा, आणि हल्ली तर लग्नापूर्वी फोटो काढण्यासाठीही वेगळे कपडे. पांढऱ्या साडीने बस्त्याची जागा घ्यावयाची होती. ती बस्त्यात आणखी एक नग होऊन बसली, आणि तोही सर्वांत स्वस्त नग. दुकानात ती शेवटी आठवते. "अरे, पांढरी राहिली," असे कोणी तरी म्हणते आणि दुकानदार तळच्या कप्प्यातून एक काढून देतो.

मी शालूचा द्वेष्टा नाही. एखाद्या मुलीला जरीकाठाची साडी नेसावीशी वाटली, तिच्या आईबापांस ती झेपत असली, तर कोणत्याही पुढाऱ्याने तिच्या आड येऊ नये. महाडचे भाषण तेच सांगते. माझा आक्षेप दोन गोष्टींस आहे: निवड तिची नसते, आणि पैसा कर्जाचा असतो.

कर्जाचे पाहू. आपल्या दोन तालुक्यांत आपला समाज काय करतो? कोणी रांजणगावच्या वा कुरकुंभच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली आहे, कोणी दौंडला रेल्वेत आहे, कोणी राज्य राखीव पोलीस दलात आहे, पुष्कळजण बागायतदाराच्या उसात मजुरी करतात. रेल्वे आणि पोलीस यांतील पगारदार सोडले तर बाकीच्यांजवळ लग्नाच्या दिवशी रोख किती असणार? मग बचत गटातून उचल, एखाद्या फायनान्सवाल्याचे कर्ज, आणि उरलेले गावातील सावकाराकडून शेकडा तीन दराने. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, पण लग्नघरात कायद्याचे पुस्तक उघडावयास सवड कोणाला असते! शेकडा तीन हा आकडा तोंडाने लहान वाटतो. ऐंशी हजारांवर तो महिना दोन हजार चारशे होतो, वर्षास अठ्ठावीस हजार आठशे. दोन वर्षांत सत्तावन्न हजार सहाशे व्याजात जातात आणि ऐंशी हजार जेथल्या तेथे उभे असतात. तोपर्यंत देण्याघेण्याच्या साड्या चार घरे फिरून झालेल्या असतात.

नागपूरच्या महिला परिषदेत २० जुलै १९४२ रोजी बाबासाहेबांनी सांगितले होते की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, आणि ती पेलण्याची आर्थिक ताकद आल्याखेरीज ती त्यांच्यावर लादू नका. ते लग्न झाल्यानंतरच्या संसाराविषयी बोलत होते. आज संसार दूरच, लग्नाच्या दिवसाचीच जबाबदारी पेलवेनाशी झाली आहे.

यातून एक नवी चाल निघाली आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण ती फसवी आहे. हुंडा घ्यावयाचा नाही हे आपल्या समाजात आता बहुतेकांनी तोंडाने तरी मान्य केले आहे. म्हणून याद्यांच्या वेळी हुंडा हा शब्द कोणी उच्चारीत नाही. त्याऐवजी म्हणतात, "आम्हाला काही नको. फक्त बस्त्याला तेवढे ऐंशी द्या, बस्ता आम्ही आमच्या पसंतीने बांधू." वधूपिता सुटकेचा निःश्वास टाकतो, चला, हुंडा टळला! पैसे रोख मोजून व्याह्याच्या हाती देतो. हुंडा टळलेला नसतो. त्याने फक्त लुगडे नेसलेले असते.

हुंडा प्रतिबंधक कायदा १ जुलै १९६१ पासून अमलात आहे. विवाहाच्या संबंधाने एका पक्षाने दुसऱ्यास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दिलेली, किंवा देण्याचे कबूल केलेली, कोणतीही मालमत्ता म्हणजे हुंडा. ती विवाहापूर्वी दिली, विवाहात दिली की नंतर दिली, याने फरक पडत नाही. बस्त्यासाठी मागून घेतलेली रोख रक्कम या व्याख्येबाहेर जाते असे मला तरी म्हणता येत नाही. ती देणे आणि घेणे या गुन्ह्यास निदान पाच वर्षांची कैद आणि निदान पंधरा हजार रुपये, किंवा हुंड्याची किंमत त्याहून अधिक असेल तर तितका, दंड सांगितला आहे. नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षे. देणाराही अपराधी ठरतो म्हणून पुष्कळ बाप पुढे तक्रार करण्यास कचरतात; त्यांनी कलम ७ वाचावे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने केलेल्या निवेदनावरून त्याच्याच विरुद्ध या कायद्याखाली खटला होऊ शकत नाही, असे तेथे म्हटले आहे.

मागणी न करता प्रेमाने दिलेली भेट हा हुंडा नव्हे. परंतु त्यासाठी कायद्याने एक अट घातली आहे, आणि ती अट पाळलेले लग्न माझ्या वकिलीत मी एकही पाहिलेले नाही. १९८५ च्या नियमांप्रमाणे भेटींची लेखी यादी करावयाची असते. वस्तू कोणती, तिची अंदाजे किंमत काय, ती कोणी दिली, देणारा वधूचा किंवा वराचा कोण लागतो, हे लिहून त्याखाली वधू आणि वर दोघांच्याही सह्या घ्यावयाच्या. वधूस मिळालेल्या वस्तूंची यादी वधूजवळ, वराची वराजवळ. आपल्याकडे याद्या होतात, मोठ्या थाटाने होतात, पाचपंचवीस पंच बसून होतात. पण त्या कोणी काय द्यावयाचे याच्या याद्या असतात. कोणाचे काय झाले याची यादी कोणीच करीत नाही.

याने काय अनर्थ होतो ते एका प्रकरणावरून सांगतो. पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून गाव सांगत नाही. घोडनदीच्या काठचे आहे एवढे पुरे. वडील ठेकेदाराकडील कामगार. याद्यांच्या कागदावर ओळ होती: बस्ता, ऐंशी हजार, वराकडील मंडळी बांधतील. पैसे दिले, बस्ता झाला, लग्न झाले, आणि चौदा महिन्यांनी मुलगी अंगावरच्या कपड्यानिशी माहेरी आली. स्त्रीधन परत मिळावे म्हणून आम्ही अर्ज केला. समोरून कैफियत आली की बस्ता आम्हीच बांधला, हे पाहा दुकानाचे बिल. बिल खरोखर नवरदेवाच्या चुलत्याच्या नावाचे होते. त्यात एक्केचाळीस साड्या होत्या. कोणती साडी कोणाची, याचा एक शब्द त्यावर नव्हता. मुलीने चार साड्यांवर बोट ठेवले. त्यांनी म्हटले, कशावरून? मग आम्ही लग्नाचे फोटो काढले, एकेक साडी फोटोत तिच्या अंगावर दाखविली, पंचांच्या सह्यांचा तो याद्यांचा कागद पुढे केला. अखेर तडजोड झाली आणि तीन साड्या परत आल्या. चौथी नणंदेने नेसून फाडली होती. पांढरी साडी त्या दाव्यात नव्हतीच. ती पहिल्यापासून मुलीच्या आईच्या पेटीत होती, कारण ती घेऊन जावी असे सासरी कोणालाच वाटले नव्हते.

त्या कैफियतीतील युक्तिवाद कायद्याने टिकणारा नव्हता, हे आपण नीट समजून घ्या. बिल कोणाच्या नावाचे आहे किंवा पैसे कोणी दिले, यावर मालकी ठरत नाही. वधूला म्हणून जी वस्तू दिली ती वधूची, मग ती सासूने दिलेली असो की मामाने. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम १४ स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरविते, आणि विवाहापूर्वी, विवाहात वा नंतर कोणाही आप्ताकडून वा परक्याकडून मिळालेली भेट त्यात येते. नाव हिंदू असले तरी हा कायदा आणि १९५५ चा विवाह कायदा बौद्धांसही लागू आहेत. ते असावेत की नसावेत हा वेगळा वाद आहे, आज त्यात शिरत नाही. १२ मार्च १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन हे पत्नीचे एकटीचे असते, ते पतीच्या किंवा सासरच्यांच्या ताब्यात असले तरी त्यांच्याकडे केवळ विश्वासाने ठेवलेले असते, आणि ते परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. फौजदारीत जावयाचे नसेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. आमचा अर्ज त्याच कलमाखाली होता. आणि बापांनीही एक गोष्ट ऐकून ठेवावी. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मुलगी हयात आणि समर्थ असताना तिने अधिकार दिल्याशिवाय तिचे स्त्रीधन बापासही मागता येत नाही. मी पैसे खर्चिले म्हणून ते माझे, हे सासऱ्याने म्हणू नये तसे बापानेही म्हणू नये.

या सर्व कायद्यांच्या मुळाशी कोणाचा विचार आहे हे पाहिले म्हणजे मन भरून येते. ९ एप्रिल १९४८ रोजी हिंदू कोड बिल निवड समितीकडे पाठविण्याचा ठराव मांडताना बाबासाहेबांनी सभागृहात हुंड्याच्या तरतुदीविषयी सांगितले होते. मुलीच्या लग्नात जी मालमत्ता दिली जाईल ती तिच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली समजावी, अठरा वर्षांची झाल्यावर ती मागण्याचा अधिकार तिला असावा, म्हणजे पतीला किंवा त्याच्या नातलगांना त्या मालमत्तेत रस उरणार नाही. ते बिल पुढे अडले आणि त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे सर्वश्रुत आहे. पण ती तरतूद मेली नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये ती आहे: दुसऱ्या कोणी हुंडा स्वीकारला असेल तर त्याने तो तीन महिन्यांच्या आत त्या स्त्रीस द्यावा, आणि देईपर्यंत तो तिच्यासाठी विश्वस्त म्हणून धरावा. बस्त्याचे ऐंशी हजार ज्या व्याह्याच्या खिशात गेले, तो व्याही त्या क्षणापासून आपल्या सुनेचा विश्वस्त झाला. हे त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच. आणि ते भाषण केल्यावर सहाच दिवसांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी, बाबासाहेबांनी दिल्लीत आपल्या राहत्या घरी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यासाठी कोणी बस्ता बांधल्याचे माझ्या वाचनात नाही.

कायद्याला तुमच्या साडीचा रंग ठाऊक नाही, किंमतही ठाऊक नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर विवाह होतो. धुवट कपड्यांतही होतो. म्हणून मला विचारतात की, वकीलसाहेब, बस्ता बंद करावा काय? बंद करणे ज्यास जमेल त्याने करावा, त्याचे मी अभिनंदन करीन. ज्यास जमणार नाही त्याने देण्याघेण्याच्या साड्या आधी बंद कराव्यात, कारण त्या कोणीच नेसत नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी याद्यांच्या वेळीच तसे ठरवून कागदावर लिहावे. एकट्या मुलीकडच्यांनी ठरविले तर त्यांना चिक्कू म्हणतात. मुलीला दुकानात गादीच्या कडेला बसवू नये, मध्ये बसवावी, आणि साड्या प्रथम तिच्यासमोर उलगडाव्यात. तिने पांढरीच एक चांगली साडी मागितली, लग्नानंतरही कामावर नेसता येईल अशी, तर "एवढीच?" असे म्हणून तिचा हिरमोड करू नये. रोख रक्कम व्याह्याच्या हाती देऊ नये. दुकानात ज्याचा त्याने हिशेब चुकता करावा.

बिल पक्के घ्यावे आणि नवरीच्या कपड्यांचे वेगळे करून तिच्या नावाने घ्यावे. मालकी त्याने ठरत नसली तरी पुरावा त्याने होतो. दुकानदार त्यास हरकत घेत नाही. त्याला पैशाशी मतलब, नाव कोणाचे घातले याचे त्याला सोयरसुतक नसते. विधी आटोपला की त्याच मंडपात, पंच अद्याप बसलेले असतानाच, १९८५ च्या नियमांप्रमाणे यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कागद साधा चालतो, मुद्रांक लागत नाही. बौद्धाचार्यांस माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या पिशवीत दोन कोरे कागद आणि एक पेन ठेवावे. यादीत पांढरी साडी विसरू नये; तिची किंमत दोन-चारशे रुपये असली तरी ती पहिल्या ओळीत लिहावी.